दगडी पाला (एकदांडी, कंबरमोडी): तुमच्या घरात अजून कोण वापरतं?

माळावरचा
रविवार, रात्री ९:२०

गाव आमचं करवीर तालुक्यात, भोगावतीकाठी. मी राहायला कोल्हापुरात, गावी जाणं महिन्यातून एखाददुसऱ्या रविवारी. आज सकाळी म्हशीला वैरण कापताना विळा निसटला आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर बसला. खोल नाही, पण रक्त भळाभळा यायला लागलं. मी रुमाल दाबून बांधावर बसलो आणि समोर बघतो तर पायाशी सगळा दगडी पाला पसरलेला. ती पांढरट-पिवळी फुलं, एकेका लांब दांड्यावर एकेक. लहानपणी हेच औषध होतं आमचं. आणि मी पंचेचाळिशीतला माणूस, लावू का नको ह्या विचारात नुसता बसून राहिलो.

शेजारच्या रानात भांगलत होत्या त्या मावशी आल्या. "अरं बघत काय बसलायस, पाला चोळ की!" त्यांनीच आठ-दहा पानं खुडली, माझ्या बाटलीतल्या पाण्यानं धुतली, बोट धुतलं, तळहातावर पाला चुरगाळून रस पिळला. पहिल्यांदा असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं. मग चोथा वर ठेवून त्यांनी स्वतःच्या पदराची चिंधी फाडून बांधली. थोड्या वेळानं सोडून बघितलं तर रक्त थांबलेलं होतं.

दिवसभर मला आमची आज्जी आठवत राहिली. ती निरक्षर होती, पण पाल्याचे तिचे नियम ठरलेले होते. कापलं, खरचटलं, उसाचा पाला हाताला चिरला, तर दगडी पाला. खिळा किंवा काटा आत रुतला तर पाला लावायचा नाही. शेणात हात असताना लागलं तर आधी धू-धू धुवायचं. आणि जखमेचं तोंड उघडं पडून आत पांढरं दिसलं, तर "पाल्याचं काम न्हाई ते, दवाखान्यात जावा." हे शेवटचं वाक्य मला आज फार महत्त्वाचं वाटतंय. पाला कुठं थांबतो हे तिला ठाऊक होतं.

आता गावातल्या पोरांना झाडच ओळखू येत नाही. आणि दुसऱ्या बाजूला व्हॉट्सअ‍ॅपवर ह्याच पाल्याचा काढा प्या, साखर जाईल, मूतखडा विरघळेल असले निरोप फिरतायत. ह्या दोन्हींच्या मधे जे खरं ज्ञान होतं ते कुठंतरी लिहून ठेवावं म्हणून हा धागा. तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात, कशाला वापरतात, आणि कशाला वापरत नाहीत, तेही लिहा.

पुण्यातली कोल्हापुरी
रविवार, रात्री ९:४१

दगडी पाला! किती वर्षांनी शब्द ऐकला. आमच्या कागलकडच्या शाळेत पाटी ह्यानंच पुसायचो. खरखरीत पान, ओलं करून घासलं की पाटी लख्ख. वर्ष सुरू होताना कोळसा वाटून त्यात ह्याचा रस घालून पाटी काळी करायची आणि उन्हात वाळवायची. घरी जाताना त्याचीच म्हातारी फुंकून उडवायची. पडून गुडघा फुटला की मैत्रीण पळत जाऊन पाला आणायची. बाईंकडे जायचंच नाही, कारण बाई आयोडीन लावायच्या आणि ते जास्त झोंबायचं.

इथं पुण्यात सोसायटीच्या कुंपणाला हेच झाड उगवतं. माळीदादा उपटून टाकतात. मी त्यांना सांगितलं की जखमेवर लावतात, तर ते बीडकडचे, म्हणाले, "आमच्याकडं कंबरमोडी म्हणतात, ऊसतोडीला आलो की कोयता लागल्यावर आम्हीबी तेच लावतो."

गगनबावडेकर
रविवार, रात्री १०:०५

आमच्या बाजूला जखमेला रानमोडी लावतात. दगडी पाला आमच्याकडे फारसा नाही, रस्त्याकडेला थोडा असेल. रानमोडी मात्र जिकडे तिकडे, माणसापेक्षा उंच वाढते, पान चुरगाळलं की उग्र वास येतो. करवंदं काढताना, लाकडं तोडताना लागलं की तीच चोळायची. रक्त खरंच थांबतं. ही दोन्ही एकच का वेगवेगळी? नाव सारखं वाटतं म्हणून विचारतोय, कंबरमोडी आणि रानमोडी.

वनस्पती शिक्षिका
सोमवार, सकाळी ७:१५

गगनबावडेकर, दोन्ही वेगळ्या आहेत. प्रश्न फार मोलाचा आहे, कारण नावांच्या सारखेपणामुळेच चुका होतात. सविस्तर लिहिते.

माळावरचा ह्यांचा दगडी पाला म्हणजे शास्त्रीय नावानं ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. प्रोकम्बेन्स म्हणजे जमिनीवर लोळणारी. खोड जमिनीलगत सरपटतं, पेरांना मुळं फुटतात, आणि फक्त फुलाचा दांडा सरळ वर येतो, वीतभर किंवा जास्त. एका दांड्यावर एकच फूल, म्हणून एकदांडी. आपण ज्याला फूल म्हणतो तो खरं तर लहान फुलांचा गुच्छ असतो, सूर्यफुलासारखा. मधे पिवळी फुलं आणि कडेला पाचेक पांढरट पाकळ्या. त्यातली एक पाकळी भिंगाखाली किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठी करून बघा: टोकाला तीन दात दिसतील. ट्रायडॅक्स हे नाव त्या तीन दातांवरून आलं असंही सांगतात. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली ह्या नावाची नोंद केली. पानं समोरासमोर, कडा ओबडधोबड दातेरी, दोन्ही बाजूंना राठ लव. हात फिरवला की दगडावर फिरवल्यासारखं लागतं.

रानमोडी म्हणजे क्रोमोलेना ओडोरॅटा. तिचं झुडूप होतं. पान त्रिकोणी, देठाकडून तीन ठळक शिरा निघतात, फुलं फिकट जांभळी-पांढरी आणि झुपक्यानं येतात. रान मोडून टाकते म्हणून रानमोडी, आणि आपल्या सह्याद्रीत तिनं ते नाव खरं करून दाखवलंय. रक्त थांबवण्यासाठी तिचा पाला आग्नेय आशियातही वापरतात, तेव्हा तुमच्या लोकांचा अनुभव खोटा नाही. पण ती पोटात घ्यायची नाही. तिच्यात यकृताला घातक अशी अल्कलॉइड्स आहेत.

गंमत बघा, आपल्या जिल्ह्यात गगनबावड्याला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळला ५०० च्या आसपास. मधे फार तर शंभरएक किलोमीटर. तिकडच्या लोकांनी रानमोडी उचलली, इकडच्या माळावरच्यांनी एकदांडी. पायाशी जे उगवलं त्यातनं औषध शोधलं.

तालमीतला
सोमवार, सकाळी ८:०२

आमच्या तालमीत वस्ताद हळदच वापरायचे. तांबड्या मातीतच हळद, ताक, तेल घातलेलं असतं. पण कोपर सोलवटलं की पाल्याचा रसही लावलेला आठवतो. वाचतोय, लिहीत राहा.

वैद्य करवीर
सोमवार, दुपारी २:३०

मी आयुर्वेदाचा पदवीधर, २२ वर्षं कोल्हापुरातच चिकित्सा करतो. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली, मेक्सिको आणि त्या खालच्या उष्ण प्रदेशातली. त्यामुळे चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ती असणं शक्यच नाही. इंटरनेटवर हिला 'जयंतीवेद' असं संस्कृत नाव लावलेलं दिसतं आणि 'पाच हजार वर्षांपूर्वीचं ऋषिमुनींचं औषध' म्हणून चूर्ण विकलं जातं. ते नाव नंतर चिकटवलेलं आहे.

पण ह्यानं तिची किंमत कमी होते असं मला अजिबात वाटत नाही, उलट वाढते. बाहेरून आलेलं एक तण कुठल्यातरी बांधावर कुणीतरी पहिल्यांदा जखमेला लावलं, परिणाम बघितला, शेजारणीला सांगितलं. ग्रंथाचा आधार नसताना हे ज्ञान तयार झालं. ते करणारी माणसं तुमच्या आज्जीसारखी होती. मिरचीही तिकडूनच आली. तांबड्या रश्श्याला तिचं परकेपण कुणी विचारत नाही.

सुश्रुतानं व्रणासाठी, म्हणजे जखमेसाठी, ६० उपक्रम (उपचार) सांगितले आहेत. त्यातला कुठला कधी हे व्रणाच्या अवस्थेवर ठरतं: ताजा आहे की जुना, स्वच्छ आहे की दूषित. आज्जींचे नियम वाचून मला तेच तत्त्व दिसलं. त्यांना सद्योव्रण (ताजी जखम) आणि दुष्टव्रण (बिघडलेली जखम) हे शब्द माहीत नव्हते, भेद मात्र पक्का माहीत होता.

डॉक्टर शाहूपुरी
सोमवार, रात्री ९:५०

मी शल्यचिकित्सक आहे. ह्या धाग्यात रागावायला येईन असं वाटलं होतं, पण पहिलीच पोस्ट इतकी समंजस आहे की नीट लिहावंसं वाटलं.

आधी रक्त थांबण्याबद्दल. बोटावरच्या छोट्या कापाचं रक्त निरोगी माणसात नुसतं दाबून धरलं तरी काही मिनिटांत थांबतं. त्या मावशींनी पाला ठेवून घट्ट बांधलं, म्हणजे दाब दिला. त्यामुळे श्रेय किती पाल्याचं आणि किती दाबाचं, हे एका बोटावरून ठरत नाही. पाल्यात टॅनिन्स आहेत, ती तुरट असतात आणि ऊती आकसवतात, फ्लॅव्होनॉइड्सही आहेत. जखम भरण्यावर उंदरांमध्ये प्रयोग झालेत आणि काहींचे निष्कर्ष चांगले आहेत. म्हणजे लोकांचा अनुभव निराधार नाही. पण उंदराच्या पाठीवर प्रयोगशाळेत केलेली स्वच्छ जखम आणि शेणाच्या हाताला लागलेला विळा ह्यांत फार अंतर आहे.

माझी काळजी धनुर्वाताची. त्याचे जंतू माती आणि शेणात बीजाणूरूपात वर्षानुवर्षं राहतात. हे पान केसाळ आहे, जमिनीला चिकटून वाढतं, त्या लवेत माती अडकते. धुतलं तरी सगळी जात नाही. म्हणून पाला लावा किंवा लावू नका, इंजेक्शनचा हिशेब पाल्यापासून वेगळा ठेवा. मातीची, शेणाची जखम असेल आणि शेवटचा डोस घेऊन ५ वर्षं झाली असतील तर पुन्हा घ्यायचा. स्वच्छ जखमेला ही मुदत १० वर्षं. लहानपणी डोस पूर्ण झाले की नाही हेच माहीत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगायचं.

आणि कृपा करून पाला दातांनी चावून जखमेवर थुंकू नका. हे मी अजून बघतो. तोंडातल्या जंतूंनी बोट सुजून येतं आणि मग पू काढायला माझ्याकडे यावं लागतं.

माळावरचा, तुमचं इंजेक्शन झालं का?

माळावरचा
सोमवार, रात्री १०:१२

झालं डॉक्टर. आज सकाळीच घेतलं. आधीचं कधी घेतलं होतं ते आठवेना, म्हणून तसंच सांगितलं. चावून लावण्याबद्दल लिहिलंत ते बरं केलंत, आमच्याकडेही गडबडीत तसं करायचे. वैद्यकाका, तुमची पोस्ट आईला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "मंजी आपल्या आत्याबाई बी डाक्टरच हुत्या की." आज्जी म्हणजे तिच्या सासूबाई.

बांधावरून
मंगळवार, सकाळी ६:४०

जनावरांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे बैल होते तवा जुवानं खांदा सोलायचा. कारखान्याला ऊस न्यायचा हंगाम असला की बैलाला विसावा न्हाई. दगडी पाल्याचा रस आणि हळद कालवून खांद्याला लावायची आन् दोन-चार दिस जुंपायचं न्हाई. वडील म्हणायचे पाल्यापेक्षा त्ये न जुंपणंच मोठं औषध. जखमंत आळ्या पडल्या तर मात्र सीताफळाचा पाला वाटून, एकदांडीचं काम न्हवं त्ये.

शेळ्या आन् ससे बी खात्यात ही. आमच्या पोरानं ससे पाळलेत, त्याला रोज पाटीभर लागतीय.

पंचगंगाकाठ
मंगळवार, सकाळी ११:२५

दोन दिवस वाचतेय. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझ्या वडिलांची गोष्ट आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी नवीन कोल्हापुरी घेतली. नवी चप्पल चावतेच, सगळ्यांना माहीत आहे. तेल लावून दोन दिवस ठेवायची, मग घालायची. वडिलांनी तशीच घातली. अंगठ्याच्या शेजारच्या बोटाला फोड आला आणि फुटला. त्यांनी परड्यातला दगडी पाला आणून बांधला. रोज बांधायचे. दुखत नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, "भरत आलंय."

दुखत नव्हतं कारण पायाची संवेदनाच गेली होती. साखर वाढलेली होती आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तीन आठवड्यांनी वास यायला लागला तेव्हा आईनं पाला सोडला. बोट काळं पडलं होतं. ते काढावं लागलं. पाय वाचला ह्यातच समाधान.

पाल्यानं बोट गेलं असं मी म्हणत नाही. साखरेनं गेलं. पण पाल्याच्या भरवशावर तीन आठवडे गेले. वडील अजूनही म्हणतात की बैलाच्या खांद्याला चालतं, माझ्या सगळ्या आयुष्यात चाललं, मग तेव्हाच का नाही? आज्जींचे जे नियम वर लिहिलेत ना, त्यात एक घाला. साखरेच्या माणसाच्या पायाला पाला नाही. पायावर कसलीही जखम दिसली की त्याच दिवशी दवाखाना.

डॉक्टर शाहूपुरी
मंगळवार, दुपारी १:४०

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. वडिलांना सांगा, आयुष्यभर चाललं ते खरंच होतं, कारण तेव्हा त्यांच्या पायाला रक्त पुरत होतं आणि दुखलं की कळत होतं. पाला तोच होता, पाय बदलला होता.

ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री पाय बघायचे. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. बोटांच्या बेचक्यांतही. दुखत नाही म्हणून ठीक आहे असं धरायचं नाही, उलट जखम असून दुखत नसेल तर जास्त घाबरायचं. अनवाणी चालायचं नाही, आणि नवी कोल्हापुरी थेट दिवसभर घालायची नाही.

पुण्यातली कोल्हापुरी
मंगळवार, दुपारी ३:०५

पंचगंगाकाठ ताई, वाचून गलबललं. माझ्या बाबांना साखर आहे, आजच आईला फोन करून पाय बघायला सांगते.

एक शंका. माझी आत्या एकदांडी घालून केसांचं तेल करते, त्याला माक्याचं तेल म्हणते. बाजारातही माका म्हणून कधी कधी हीच मिळते असं ऐकलंय. कसं ओळखायचं?

वनस्पती शिक्षिका
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

बरोबर ऐकलंत, माका म्हणजेच भृंगराज म्हणून एकदांडी खपवली जाते. ओळख अगदी सोपी आहे. खोड मोडा, चोळा आणि थोडं थांबा. माक्याचा रस हवेत काळसर पडतो, बोटं काळी होतात. एकदांडीचा रस हिरवाच राहतो. माका ओल्या जागी, पाटाच्या कडेला, भातखाचरात उगवतो, एकदांडी कोरड्या माळावर, भिंतींच्या फटींत, रस्त्याकडेला. माक्याचं फूल लहान, पांढरं, आखूड देठाचं, त्याला तो लांब दांडा नसतो. आत्याचं तेल डोक्याला लावल्यानं काही बिघडणार नाही, फक्त ते माक्याचं नाही.

ह्याहून जास्त सांभाळायचं ते ओसाडीपासून, म्हणजे अजेरॅटम. पावसाळ्यात शेतात ही फार. फुलं निळसर-जांभळी किंवा पांढरी, बारीक झुपक्यात, पानाला बोकडासारखा वास. हिलाही काही ठिकाणी जखमेला लावतात. पण पोटात हिचा रस कधीही जाऊ देऊ नका. इथिओपियाच्या तिग्रे भागात धान्यात ह्या तणाचं बी मिसळून गावंच्या गावं यकृताच्या आजारानं पडली होती. तिथं कुणी औषध म्हणून घेतलं नव्हतं, नुसतं भाकरीतून गेलं.

आणि ज्यांना गाजर गवतानं अंगाला खाज येते, त्वचा काळवंडते, त्यांनी एकदांडीसुद्धा जपून वापरावी. एकाच कुळातल्या आहेत, एकीची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला दुसरीचीही होऊ शकते.

कोतोलीकर
मंगळवार, रात्री ८:५५

पोटात घेण्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या गल्लीत एक जण रोज सकाळी ह्या पाल्याचा वाटीभर रस पितो, साखरेसाठी. गोळी पण चालू आहे. त्याची साखर कमी झाली म्हणतो. आता माझे काका मागे लागलेत, आण म्हणून. काय सांगू?

वैद्य करवीर
मंगळवार, रात्री ९:३०

काकांना सांगा, नको. आज्जींनी ती पोटात दिलेली नाही हे लक्षात घ्या. आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्यांचा जो अनुभव आहे तो बाहेरून लावण्याचा. पिण्याचा प्रकार बहुतेक मोबाईलवरून आलाय. उंदरांमध्ये साखर उतरल्याचे प्रयोग आहेत आणि धोका तिथंच आहे. गोळीनं साखर उतरतेय आणि वर रसानंही उतरली, तर माणूस पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतो. वाटीभर हे प्रमाण कुणी ठरवलं? आणि माझ्याकडे आलेला एक जण रोज कुठला पाला पितो हे मी बघायला मागितलं, तर निघाली ओसाडी. शिक्षिकाबाईंची वरची पोस्ट काकांना दाखवाच.

शिरोळची सून
बुधवार, सकाळी १०:१०

सगळे पाल्याबद्दल बोलतायत, तो कुठल्या बांधावरचा हे कुणी विचारत नाही.

आम्ही उसाला तणनाशक मारतो. खोटं कशाला बोलू? भांगलायला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर एका दिवसात सगळं रान होत नाही, आणि पावसात तण थांबत नाही. मग पंप घेऊन फवारणी. रानात मारतो आणि उरलेलं बांधावर. दगडी पाला लगेच मरत नाही, दोन-तीन दिवस हिरवा दिसतो. त्यावेळी कुणी खुडला आणि जखमेवर चोळला तर? तणनाशकाची बाटली हाताळायची तर हातमोजे घाला म्हणून त्यावरच लिहिलेलं असतं, आणि आपण तोच पाला उघड्या जखमेवर पिळायचा!

माझ्या मुलाला खेळताना लागलं तेव्हा सासूबाई पाला आणायला निघाल्या. मी अडवलं. त्यांना वाटलं, सून शिकलेली, तिला आपलं पटत नाही. पटत होतं. पण दोन दिवसांपूर्वी त्याच बांधावर ह्यांनी फवारलं होतं, आणि ते मला बघवलं नव्हतं. त्यांना समजावून सांगितल्यावर त्या गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी आता आपल्याच रानात आपलं औषध न्हाई."

वनस्पती शिक्षिका
बुधवार, दुपारी १२:४५

ताई, हे सगळ्यात आधी यायला हवं होतं आणि मला सुचलं नाही. मी मुलांना झाड ओळखायला शिकवते, पण ते कुठून खुडू नये हे शिकवत नाही. रस्त्याकडेचा पाला नको, तिथं गाड्यांचा धूर आणि कुत्र्यांची घाण. सांडपाण्याच्या कडेचा नको. फवारलेल्या बांधाचा तर नकोच. फवारलेलं ओळखायची एक खूण म्हणजे शेजारचं गवत बघणं: टोकं पिवळी पडलेली, शेंडे पिळवटलेले असतील तर सोडून द्या. पण ताजी फवारणी डोळ्यांना दिसत नाही. ज्याचं रान आहे त्याला विचारल्याशिवाय खुडू नये, हेच खरं.

बांधावरून
बुधवार, संध्याकाळी ७:२०

शिरोळच्या ताईंचं बराबर हाय. मी बी मारतो. सशाला पाला मात्र घरामागच्या परड्यातनंच काढतो, तिथं कधी मारत न्हाई. एकदा चुकून बांधावरचा घातला आन् दोन ससे गेले. तवापासनं.

गगनबावडेकर
बुधवार, रात्री ९:००

दोन ससे गेले, हे वाचून बसलो नुसता. आमच्याकडे फवारणी कमी, पण काजूच्या बागांत सुरू झालीय. रानमोडीसुद्धा आता विचारूनच खुडायची.

पंचगंगाकाठ
बुधवार, रात्री ९:४८

वडिलांना धागा वाचून दाखवला. डॉक्टरांचं "पाय बदलला होता" हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, परड्यातला पाला काढू नका, नातवंडांना खरचटलं तर लागेल. स्वतःच्या पायाकडे मात्र आता रोज रात्री आरसा धरतात. वैद्यकाकांचं मिरचीचं वाक्यही त्यांना आवडलं.

माळावरचा
रविवार, दुपारी ४:३०

आज परत गावी आलोय. बोट भरलं, बारीक रेघ राहिलीय.

धागा सगळा छापून आणला होता, आईला चष्म्यासकट दिला. शिरोळच्या ताईंचं वाचून तिनं मला विहिरीकडे नेलं. विहिरीच्या पलीकडं, चिंचेखाली, साधारण दहा-बारा पावलांची एक पट्टी आहे. तिथं दगडी पाला, आघाडा, माका, दुर्वा सगळं माजलेलं. मला वाटायचं आळसानं राहिलंय. आई म्हणाली, भावानं पहिल्यांदा पंप आणला तेव्हाच तिनं त्याला सांगितलं होतं की चिंचेच्या ह्या अंगाला येऊ नकोस. आज्जी पाला इथनंच न्यायची.

गेल्या रविवारी मी ज्या बांधावर बसलो होतो तो भावाच्या फवारणीतला. मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "तितं पंधरा दिसात मारलं न्हवतं, म्या बघितलंया. न्हाईतर हात लावला असता व्हय?"

पुतण्याला, नववीतल्या, बरोबर घेऊन पट्टी दाखवली. त्यानं मोबाईलनं एक पाकळी मोठी करून बघितली. तीन दात मोजले.